चढणीच्या माशांची मोजदाद

स्टीलहेड हा मोजायला फार अवघड मासा आहे, आणि मोजल्याशिवाय त्याची काळजी घेता येत नाही. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत आणि पलीकडे रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पात तो समुद्रातून नद्यांमध्ये चढतो आणि वरच्या थंड, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो. यंदा किती मासे चढले, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तिकडे बरंच काही अवलंबून असतं. गळ टाकायला परवानगी द्यायची की नाही, आदिवासी जमातींच्या वाट्याला किती मासे येणार, एखाद्या नदीतल्या माशाला कायद्याचं संरक्षण द्यायचं का, हे सगळं त्यावरून ठरतं. हे उत्तर काढणारी माणसं, त्यांची साधनं आणि त्यांच्या आकड्यांवर किती विसंबायचं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मासा मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. इंग्रजांच्या काळात रेनबो ट्राउट आपल्याकडे हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी-मुन्नारच्या थंड ओढ्यांत आणून सोडला गेला. कुलू-मनालीला गेलेल्या पर्यटकाच्या ताटात येणारा ट्राउट बहुधा हाच असतो. फरक जगण्याच्या रीतीचा आहे. एकाच आईच्या पिल्लांपैकी काही जन्मभर गोड्या पाण्यात राहतात आणि रेनबो ट्राउट म्हणून ओळखली जातात. काही मात्र एक ते तीन वर्षांची झाली की अंगावर रुपेरी झाक चढवून समुद्राकडे निघतात, तिथे आणखी एक ते तीन वर्षं वाढतात आणि हातभर लांबीचे स्टीलहेड होऊन परततात. कोण जाणार आणि कोण राहणार, हे नदीतलं अन्न, पाण्याचं तापमान आणि आनुवंशिक कल मिळून ठरवतात. मोजणाऱ्याची पहिली अडचण इथेच सुरू होते. नदीत ट्राउट दिसले म्हणून स्टीलहेड शाबूत आहे असं म्हणता येत नाही, आणि ते दिसले नाहीत म्हणून तो संपला असंही म्हणता येत नाही.

आपल्याकडे मृगाच्या सरी कोसळल्या की ओढ्या-ओहोळांतून भाताच्या खाचरांपर्यंत चढणीचे मासे येतात, आणि कोकणात माणसं रात्री बत्ती घेऊन ते धरायला बाहेर पडतात. ती चढण थोड्या रात्रींत आटोपते. स्टीलहेडची चढण महिनोन् महिने चालते. काही कळप उन्हाळ्यात नदीत शिरतात, डोहांत जवळजवळ उपाशी राहून पावसाळी थंडी काढतात आणि पुढच्या वसंतात अंडी घालतात. काही हिवाळ्यातच येतात आणि लवकरच विणीला लागतात. दोन्ही प्रकारांत अंडी घालण्याची वेळ म्हणजे हिवाळ्याची अखेर आणि वसंत. तेव्हा किनाऱ्यावर पाऊस असतो, डोंगरात बर्फ वितळत असतं, नद्या गढूळ आणि भरलेल्या असतात. पॅसिफिक सामन बहुतेक शरदात अंडी घालतो आणि मरतो. काठाने चालत जाऊन त्याची कलेवरं मोजता येतात. स्टीलहेड अंडी घालून मरतोच असं नाही. जो वाचतो तो मिळेल त्या पुरातून समुद्राकडे उतरतो आणि पुन्हा परतू शकतो. मागे काहीच राहत नाही. म्हणून सामनसाठी घडवलेल्या पद्धती स्टीलहेडला जशाच्या तशा लावल्या की चुकतात.

मोजणीच्या सर्वांत जुन्या आणि सलग दप्तरखान्यांपैकी एक कोलंबिया नदीवर आहे. ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर, समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत, बॉनव्हिल धरण आहे. धरणाबरोबर माशांसाठी पाण्याच्या पायऱ्यांची शिडी बांधली गेली आणि १९३८ पासून तिथे चढणारा मासा मोजला जातो. ती जागा जवळून पाहण्यासारखी आहे. शिडीच्या वरच्या अंगाला वाट मुद्दाम अरुंद केलेली असते, म्हणजे मासा काचेला लागून जातो. काचेपलीकडे, पाण्याच्या मागे, उजेडात न्हालेली पांढरी पाटी. काचेअलीकडे अंधारी खोली, एक खुर्ची, आणि प्रत्येक जातीसाठी वेगळी कळ असलेला कळफलक. मासा काचेसमोर दोन-तीन सेकंदही थांबत नाही. तेवढ्यात शेपटी पाहायची: ठिपके पूर्ण शेपटीवर पसरलेले असले आणि शेपटीची कड जवळजवळ सरळ असली तर स्टीलहेड, ठिपके फक्त वरच्या पाळीवर असले तर कोहो सामन, ठिपके मुळीच नसले तर सॉकाय. मग पाठीकडे नजर न्यायची, कारण पाठीचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक लहानसा, मऊ, मांसल पर असतो. तो आहे की कापलेला आहे, हे त्याच क्षणात टिपायचं असतं. मासा वर न जाता उलटा खाली गेला तर तो वजा करायचा. जून महिन्यात याच काचेसमोरून शॅड नावाचा मासा लाखांनी जातो. आपल्या हिल्साच्या नात्यातला हा मासा एकोणिसाव्या शतकात अटलांटिककडून आणून सोडलेला आहे. त्या चंदेरी लोंढ्यातून एखादा स्टीलहेड वेचून कळ दाबणं हे डोळ्यांचं कौशल्य आहे, आणि ते वर्षांच्या सरावानेच येतं.

मोजणारा माणूस तासातली ५० मिनिटं मोजतो आणि १० मिनिटं डोळे मिटतो. आकड्याला १.२ ने गुणून तास पूर्ण केला जातो. ५० मासे दिसले तर ६० धरायचे. हंगामाच्या मुख्य महिन्यांत दिवसाचे १६ तास हे काम चालतं. छापून येणारा आकडा म्हणजे प्रत्येक मासा टिपलेली खानेसुमारी नव्हे, अतिशय काळजीने केलेला अंदाज आहे, हे वाचकाने सुरुवातीलाच मनाशी ठेवावं. शिवाय काही मासे शिडी चढून वर गेल्यावर सांडव्यावरून पुन्हा खाली पडतात आणि परत चढतात. ते दोनदा मोजले जातात. काही जहाजांच्या जलपाशातून निसटतात. ते मोजलेच जात नाहीत. माशांच्या अंगात रेडिओ यंत्रं बसवून अशा येरझाऱ्यांचा माग काढला गेला, तेव्हा हा हिशेब किती गुंतागुंतीचा आहे हे ध्यानात आलं.

त्यावरचा खरा उपाय तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा आहे. सुमारे १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी, आत तारेचं वेटोळं आणि एक चिप, बॅटरी नाही. पिट टॅग म्हणतात तो हाच. समुद्राकडे निघालेल्या पिल्लाच्या पोटात सुईने ती सोडली जाते. पुढे तो मासा जेव्हा जेव्हा शिडीतल्या किंवा ओढ्यातल्या अँटेनाजवळून जातो, तेव्हा टॅग आपला स्वतंत्र क्रमांक सांगतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोलंबियाच्या खोऱ्यात हे टॅग वापरले जातात. त्यामुळे एकेका माशाचा प्रवास दिसू लागला. ऑगस्टमध्ये बॉनव्हिल ओलांडलेला मासा मुख्य नदीचं पाणी २० अंशांपलीकडे तापलं की डेशूट्स नदीसारख्या थंड उपनद्यांच्या मुखाशी आठवडेच्या आठवडे थबकतो, असं या टॅगांनी स्पष्ट दाखवलं. आयडाहोच्या वाटेवरचं आठवं धरण म्हणजे स्नेक नदीवरचं लोअर ग्रॅनाइट. तिथे तो ऑक्टोबरात पोहोचेल किंवा थेट पुढच्या वसंतात. मग ‘यंदाचे मासे’ कोणत्या वर्षाचे धरायचे? लोअर ग्रॅनाइटवर स्टीलहेडचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. पंचांग माशाच्या सोयीने लावावं लागलं.

आता ज्या मुद्द्यासाठी ही प्रस्तावना एवढी लांबवतो आहे, त्याकडे येतो. २००१ साली बॉनव्हिलवर ६ लाखांहून अधिक स्टीलहेड चढले. वर्तमानपत्रांनी आनंद व्यक्त केला, गळ टाकणाऱ्यांनी सुगीचं वर्ष पाहिलं. पण त्यातले बहुतांश मासे हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेले होते. धरणांनी अंडी घालण्याच्या जागा हिरावल्या, त्याची भरपाई म्हणून सरकारने हॅचऱ्या उभारल्या. आयडाहोत क्लिअरवॉटर नदीच्या उत्तर शाखेवर १९७३ मध्ये ड्वोरशॅक धरण पुरं झालं. २१९ मीटर उंचीच्या त्या भिंतीला शिडी नाही. या खोऱ्यातले सर्वांत थोराड स्टीलहेड ज्या पाण्यात जन्मत होते, ते पाणी या धरणाने तुटलं, आणि त्यांचा वंश आज धरणाच्या पायथ्याच्या हॅचरीत चालवला जातो. हॅचरीतली पिल्लं सोडताना तो पाठीवरचा लहान पर कापला जातो. मोठा झालेला मासा परतला की गळवाल्याला आणि मोजणाऱ्याला तो कुठला हे कळावं, हा त्यामागचा हेतू.

हॅचरीतला मासा आणि नदीत जन्मलेला मासा यांची एकत्र बेरीज करून ‘नदी भरली’ असं म्हणणं ही या विषयातली सर्वांत मोठी फसगत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हॅचरीतून पिल्लं जास्त सोडली की बेरीज फुगते. नदीची तब्येत त्यातून कळत नाही. नदीला आपल्या बळावर किती मासे जगवता येतात, याचं उत्तर फक्त नदीत जन्मलेल्या माशांच्या आकड्यात आहे. पर कापलेला नाही म्हणजे मासा नदीतलाच, असंही छातीठोक सांगता येत नाही, कारण काही हॅचऱ्या वंश वाढवण्यासाठी पर न कापताच पिल्लं सोडतात. म्हणून लोअर ग्रॅनाइटच्या शिडीत ठरावीक प्रमाणात मासे अडवून, भूल देऊन तपासले जातात. लांबी मोजतात, खवले काढून भिंगाखाली वाचतात. गोड्या पाण्यातल्या वर्षांची वलयं दाटीने असतात, समुद्रातल्या वर्षांची ऐसपैस. पराचा चिमूटभर तुकडाही घेतला जातो. स्नेक नदीच्या खोऱ्यात २००८ पासून हॅचरीतल्या अंडी-वीर्य घेतलेल्या आई-बापांचा डीएनए नोंदला जातो, त्यामुळे परतलेला मासा कोणत्या हॅचरीत, कोणत्या वर्षी जन्मला हे त्या तुकड्यावरून सांगता येतं. काचेसमोरचा डोळा आणि प्रयोगशाळेतली ही वंशावळ एकत्र आली तेव्हा कुठे बेरजेला अर्थ आला.

२००१ नंतर वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच बॉनव्हिलवर सुमारे ७० हजार स्टीलहेड आले. हॅचरीतले धरूनही एवढेच. दोन्ही राज्यांनी कोलंबियावर स्टीलहेड घरी नेण्याला हंगामातच बंदी घातली. रोजची मोजणी नसती तर ही गळती लक्षात येईपर्यंत हंगाम संपला असता.

जिथे धरण नाही तिथे काच नाही. तिथे माणसांनी काढलेल्या युक्त्या पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील; इथे थोडक्यात ओळख करून देतो. काही नद्यांवर दांड्यांचं कुंपण घालून माशाला एका फटीतून जायला लावतात. पुराला असं कुंपण टिकत नाही, आणि स्टीलहेड तर पुरातच हलतो. अलास्कातल्या याकुटाटजवळच्या सिटुक नदीवर म्हणून वेगळाच मार्ग धरला आहे: शरदापासून वेगवेगळ्या वेळी चढलेले मासे मोजत बसण्यापेक्षा वसंतात अंडी घालून समुद्राकडे उतरणारे मासे मोजायचे. अंडी घालून न मरणाऱ्या माशाचा गुण इथे मोजणाऱ्याच्या उपयोगी पडला आहे. कॅलिफोर्नियात ईल नदीच्या मधल्या शाखेवर १९६६ पासून दर उन्हाळ्यात माणसं पोहण्याचा चष्मा आणि श्वासनळी लावून एका ओळीत डोहामागून डोह उतरतात आणि सावलीत थिजल्यासारखे थांबलेले मासे मोजतात. काही ठिकाणी मासे न मोजता त्यांची घरटी मोजतात. मादी कुशीवर होऊन शेपटीने गोटे उडवते, तळाचा शेवाळलेला थर निघून जातो आणि उजळ खळगा दिसतो. पूर आला की तो पुसला जातो, म्हणून मोजणाऱ्यांना थोड्या थोड्या दिवसांनी तोच काठ पुन्हा चालावा लागतो, आणि आधी मोजलेल्या खळग्याशेजारी झुडपाला रंगीत फीत बांधून ठेवावी लागते.

गढूळ पाण्यावरचं आजचं सर्वांत आशादायक साधन म्हणजे सोनार. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेने अमेरिकी नौदलासाठी, बंदरात शिरणारे पाणबुडे ओळखण्याकरता, एक ध्वनिकॅमेरा तयार केला होता. तो नदीच्या काठाशी पाण्यात आडवा रोखला की चिखलाच्या पाण्यातही मासे पांढुरक्या आकृत्यांसारखे पडद्यावर येतात. शेपटीची हालचाल दिसते, लांबी मोजता येते, दिशा कळते. जात मात्र कळत नाही. त्याच आठवड्यात कोहोही चढत असतील तर पडद्यावरच्या साठ सेंटिमीटरच्या आकृतीला काय म्हणायचं, हे जाळ्याच्या नमुन्यावरून, तारखेवरून, अनुभवावरून ठरवावं लागतं. स्टीलहेड वर-खाली येरझाऱ्या घालतो, आणि वसंतात अंडी घातलेले मासे उतरत असतानाच नवे चढत असतात. त्यामुळे ‘वर गेले वजा खाली आले’ ही सरळ वजाबाकीही अडचणीत येते. वॉशिंग्टनच्या एल्व्हा नदीवरची दोन मोठी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. त्यानंतर तिथे सोनार लावून मोजणी झाली, पाण्यात उतरूनही झाली, आणि उन्हाळी स्टीलहेड वरच्या पाण्यात पुन्हा दिसू लागला. शतकभर भिंतीमागे अडकलेल्या ट्राउटच्या रक्तात समुद्राची वाट शिल्लक होती. या पुस्तकात मला सर्वांत आनंद देणारी पानं ती आहेत.

एका छोट्या नदीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरच्या कीओ नदीवर १९७६ पासून समुद्राकडे जाणारी पिल्लं आणि परतणारे मोठे मासे, दोन्हींची मोजणी होत आली आहे. परतणाऱ्यांसाठी तिथे पुढे विजेवर चालणारा गणक बसवला गेला. माशाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा वीज सहज वाहून नेतं, त्यामुळे मासा तळाशी बसवलेल्या पट्ट्यांवरून गेला की विद्युतरोध क्षणभर बदलतो आणि त्या बदलाच्या आकारावरून दिशा आणि आकारमान कळतं. कीओचं महत्त्व यंत्रात नाही, दोन्ही टोकं मोजण्यात आहे. १९९० च्या सुमारास तिथे परतणारे मासे झपाट्याने घटले. पिल्लं किती गेली होती हे ठाऊक असल्यामुळे समुद्रातल्या जगण्याचं प्रमाण कोसळलं आहे, हे ठामपणे सांगता आलं. फक्त परतणारे मोजले असते तर दोष नदीवर, लाकूडतोडीवर, गळवाल्यांवर, कोणावरही ढकलता आला असता. कोलंबिया खोऱ्यासाठी ठरवलेलं उद्दिष्टही याच गुणोत्तरात आहे: गेलेल्या १०० पिल्लांमागे २ ते ६ मासे परतायला हवेत, सरासरी ४.

मोजणी ही सत्तेचीही बाब आहे. १८५५ च्या करारांत नेझ पर्स, याकामा, युमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या जमातींनी आपल्या जमिनीचा मोठा भाग दिला आणि पूर्वापार जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. त्या जागांपैकी सर्वांत थोर, सेलिलो धबधबा, १९५७ च्या मार्चमध्ये डॅल्स धरणाच्या जलाशयात बुडाला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात निकाल दिला की करारबद्ध जमातींचा धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा आहे. धरण्याजोगे किती, हा प्रश्न त्या दिवसापासून न्यायालयाच्या दारात उभा राहिला, आणि जमातींनी स्वतःचे शास्त्रज्ञ, स्वतःच्या हॅचऱ्या, स्वतःची मोजणी उभी केली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत न्याय्य बदल आहे. ज्याचा हक्क त्याच्या हाती गणकाची कळ असायला हवी.

आणि जिथे मासा येतच नाही तिथेही मोजणं थांबवू नये. दक्षिण कॅलिफोर्नियाचा स्टीलहेड १९९७ पासून संघराज्याच्या कायद्यात धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे. १९९४ ते २०१८ या पंचवीस वर्षांत तिथल्या साऱ्या ओढ्या-नद्यांत मिळून समुद्रातून परतलेले १७७ मासे दिसल्याची नोंद झाली. माणसं कोरड्या वर्षांतही काठावर गेली आणि वहीत शून्य लिहून परतली. ती शून्यं नसती तर २०२४ मध्ये राज्याच्या कायद्याखाली या माशाला संरक्षण मिळवून देणाऱ्यांच्या हाती पुरावा कमी पडला असता.

सिअॅटल, पोर्टलंड भागात आता पुष्कळ मराठी घरं आहेत आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना तिथली मंडळी बॉनव्हिल धरण दाखवायला नेतात. त्यांना एक सांगणं आहे. जमल्यास ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरात जा. प्रेक्षकांसाठीच्या काचेसमोर फोटो काढून लगेच निघू नका, थोडा वेळ थांबा आणि पाठीवरचा तो लहान पर शोधा. रोजच्या मोजणीचे आकडे इंटरनेटवर सर्वांना खुले आहेत, १९३८ पासूनचे. पर न कापलेल्या स्टीलहेडचा रकाना त्यात १९९० च्या दशकापासून वेगळा दिला जातो. आधी तो वाचा, एकूण बेरीज नंतर. आणि घरात आकड्यांची आवड असलेलं मूल असेल तर त्या रकान्याचा आलेख त्याच्याकडून काढून घ्या. हे पुस्तक समजायला त्याहून चांगली पूर्वतयारी नाही.